दर मे महिन्यात लिंबाच्या पानांच्या कडा करपतात? आधी पाण्याची पाळी तपासा

लक्षण असं: फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंबू फुलतं, सगळं अंगण घमघमतं. एप्रिलपर्यंत पान हिरवंगार असतं. मे उजाडला की जुन्या पानांची टोकं तपकिरी होतात, मग ती तपकिरी रेघ कडेकडेनं सरकत जाते, आणि जूनच्या मध्यावर झाडाकडे पाहिलं तर एकेक पान चुलीत शेकून परत लावल्यासारखं दिसतं. घेवडा त्याच्या आधीच गेलेला असतो. कढीपत्ता तगतो, पण बोटभरही वाढत नाही. ऑक्टोबरात सगळं सावरतं, आपल्याला वाटतं संकट टळलं. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच.

अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या फिनिक्स शहरात, आमच्या घरी हे सलग तीन उन्हाळे झालं. पहिल्या वर्षी मला वाटलं झाड उपाशी आहे, म्हणून पोतंभर कोंबडखत घातलं. पानं जास्तच करपली. दुसरा उन्हाळा २०२३ चा. त्या वर्षी इथे सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली राहिलाच नाही, त्यामुळे उन्हाला दोष देणं सोपं होतं. हिरवी जाळी बांधली. पानं सावलीत करपली. तिसऱ्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी नळी धरून दहा-दहा मिनिटं पाणी घातलं, आणि हा उपाय आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट ठरला. का, ते खाली येईलच.

शेवटी शिरोळ तालुक्यात आबांना व्हिडिओ कॉल लावला आणि पान दाखवलं. पानाकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही.

“बुडाला पांढरं काय दिसतंय गं?”

“काही नाही आबा, इथलं पाणी जड आहे, तसा थर येतोच.”

“रोग न्हाई त्यो. मीठ फुटलंय. पाणी कुठलं हाय तुझं, पाटाचं?”

“पाटाचंच.”

“मग शेवटाला हाईस काय?”

हो, मी शेवटालाच होते. गल्लीतल्या नऊ घरांत माझं नववं. वाळवा-शिरोळकडची क्षारपड जमीन बघत मोठी झालेली मी, सात समुद्र ओलांडून अंगणात तोच पांढरा थर बघत होते आणि त्याला ‘जड पाण्याचा डाग’ म्हणत होते.

ज्यांना इथलं पाटपाणी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. फिनिक्सच्या जुन्या वस्त्यांत हजारो घरांना आजही कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. हक्क माणसाचा नसतो, जमिनीचा असतो. कुठल्या जमिनीला किती जुना हक्क, हे १९१० सालच्या केंट निवाड्यानं ठरवलं. त्याच्या आधी, १९०३ मध्ये, इथल्या जमीनमालकांनी संघ काढला आणि आपल्या जमिनी तारण ठेवून धरणासाठी सरकारी कर्ज मिळवलं. ते रूझवेल्ट धरण १९११ मध्ये पुरं झालं. पण कालवे त्याहून कितीतरी जुने. इथल्या प्राचीन होहोकाम लोकांनी कुदळ-फावड्याच्या युगाच्याही आधी, लाकूड-दगडाच्या अवजारांनी या खोऱ्यात शेकडो मैल पाट खोदले होते आणि त्यातल्या काही रेषांवरूनच पुढचे कालवे गेले. जुन्या वस्तीच्या राखेतून उठलेलं गाव, म्हणून नाव फिनिक्स. पाट उघडणाऱ्या माणसाला इथे स्पॅनिशमधून आलेला ‘सान्हेरो’ हा शब्द आहे. आपला पाटकरी.

उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी आणि हिवाळ्यात महिन्यानं पाळी येते. मधे कालवा साफसफाईसाठी कोरडा पाडतात तेव्हा एखादी चुकते. पाळी आधी मागवायची, मग वेळ कळते, आणि ती वेळ रात्री दोनचीही असू शकते. आपण उठायचं, मागच्या गल्लीतला दरवाजा वर करायचा, अंगणातला व्हॉल्व्ह फिरवायचा आणि आपली मिनिटं संपली की बंद करायचा. त्या झडपेचं नाव अल्फाल्फा व्हॉल्व्ह, म्हणजे चक्क लसूणघासाचा व्हॉल्व्ह. पाण्याचा पुढचा पदर कोरडी पानं, झुरळं आणि कधी एखादा चिंगाट घेऊन खसखसत अंगणात शिरतो. गावी दारं धरायला मला कधी कुणी पाठवलं नाही, भाऊ जायचा. इथे गेली चार वर्षं मीच धरते.

आता मुद्दा. ज्या नदीचं हे पाणी, तिचं नावच सॉल्ट रिव्हर. वरच्या दरीत खारट झरे तिला मिळतात. नळाचं पाणीही फार वेगळं नाही. हजार लिटर पाण्यामागे अर्धा किलोच्या आसपास क्षार धरा. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद अंगणात चार इंच पाणी भरलं तर दहा हजार लिटर झालं, म्हणजे एका पाळीत पाच किलो क्षार. पाणी उडून जातं, झाडं पितात, क्षार मागेच राहतात. पाऊस वर्षाला जेमतेम सात इंच, तो काय धुणार? पाणी खोल गेलं तर क्षार मुळांच्या खाली उतरतात. वरवर राहिलं तर वरच्या सहा-आठ इंचांत, म्हणजे नेमके मुळांच्या जाळ्यात साठतात. म्हणून माझी रोजची दहा मिनिटांची नळी सगळ्यात वाईट: रोज थोडं मीठ घालायचं आणि धुवायचं कधीच नाही.

तपासायचं कसं

पहिली गोष्ट म्हणजे कुठलं पान बिघडलंय ते बघा. जुन्या पानांची टोकं आणि कडा करपल्या असतील तर क्षार. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. इथल्या मातीचा सामू (पीएच) आठच्या वर असतो आणि चुनखडी भरपूर, त्यामुळे लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. कढीपत्त्याला हे फार होतं, आणि लोक त्यावर आणखी पाणी घालतात. ओल सतत राहिली की ते वाढतं. तिथे आधी पाणी कमी करा, आणि द्यायचंच तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह द्या. साधं हिराकस या मातीत दोन दिवसांत निकामी होतं. फक्त नैऋत्येकडच्या पानांवर पांढुरके चट्टे असतील तर तो ऊन लागल्याचा डाग. आणि झाड दुपारी चारला मान टाकून सकाळी ताठ होत असेल तर काही करू नका. तुम्हीही दुपारी चारला तसेच दिसता.

दुसरी तपासणी सळईची. तीन फुटी लोखंडी सळई घ्या आणि पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी हातानं मातीत दाबा. ओल्या मातीत ती जाते, कोरडी लागली की थांबते. इथला सोपा हिशोब एक-दोन-तीन असा आहे: भाजीला एक फूट, झुडपाला दोन फूट, झाडाला तीन फूट ओल गेली पाहिजे. माझ्या अंगणात व्हॉल्व्हजवळ सळई २८ इंच गेली. लिंबाखाली ९ इंचांवर टक्कन थांबली. तिथेच अर्धं निदान झालं.

तिसरी मातीची. एक वाटी माती दोन वाट्या डिस्टिल्ड पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या पाण्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचं पेन बुडवा. प्रयोगशाळेचा आकडा हा नव्हे, पण आपल्याला तुलना हवी आहे: चांगल्या कोपऱ्याची आणि करपलेल्या कोपऱ्याची. माझे आकडे ३१० आणि ९४०. घेवडा आणि गाजर क्षाराला सगळ्यात नाजूक, कांदा त्यांच्या जवळपासचा, लिंबू-संत्री थोडी वर, टोमॅटो त्याहून सोशीक. घेवडा सगळ्यात आधी का जायचा, त्याचं उत्तर मला इथे मिळालं.

काहीजण पांढऱ्या थरावर व्हिनेगर टाकून बघतात. फसफसलं तर तो चुना आहे एवढंच कळतं, क्षार आहेत की नाहीत ते कळत नाही. इथली जवळजवळ सगळीच माती फसफसते.

एक खास तपासणी जुन्या घरांसाठी: बाहेरचा नळ वॉटर सॉफ्टनरच्या पुढच्या पाइपावर तर नाही ना? सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो. ते पाणी आंघोळीला मऊ आणि मातीला विष. साधारणपणे बाहेरचे नळ सॉफ्टनरच्या आधी जोडलेले असतात, पण आधीच्या मालकानं स्वतःच्या हातानं काय केलंय, ते देवालाच ठाऊक.

खरी बिघाडाची जागा माझ्या कुंपणाबाहेर होती

मी अंगणात तीन काठ्या रोवल्या आणि पाळीच्या वेळी पाण्याची उंची मोजली. व्हॉल्व्हपाशी पाच इंच, मध्यावर तीन, लिंबाशी जेमतेम दीड. माझी वेळ ३५ मिनिटांची. त्यातली पहिली ११ मिनिटं पाणी माझ्या दरवाजापर्यंत यायलाच लागत, आणि येई तेही मरगळलेलं. कालव्याचं पाणी एका ठरलेल्या जागेपर्यंत आणून देणं हे पाणी पुरवणाऱ्या संस्थेचं काम. तिथून पुढचा घरामागचा पाट, त्याच्या झडपा, त्यातला कचरा हे सगळं घरमालकांचं. जुन्या वस्तीत हाउसिंग असोसिएशन नसतं. दारात भेंडी लावली म्हणून कुणी नोटीस पाठवत नाही, हे सुख. पाट तुंबला तर कुणाला सांगायचं तेही माहीत नसतं, हे त्याच सुखाचं बिल.

एका रात्री दीडला टॉर्च घेऊन मी पाण्याबरोबर पहिल्या घरापासून चालत आले. पाण्याची चोरी शोधायची तर पाण्याबरोबरच चाला. चौथ्या घरासमोर गोष्ट उघड झाली. त्या घरानं हिरवळ काढून खडी टाकली आहे आणि पाणी घेणं कधीच बंद केलं आहे, पण त्यांचा लोखंडी दरवाजा खाली गंजून कुरतडला गेला होता. खडीवर टॉर्च मारला तर ती चमकत होती. माझं लिंबू तिथे भिजत होतं. पुढे पाचव्या आणि सहाव्या घराच्या मधे कण्हेरीच्या दाट कुंपणाची मुळं पाटात घुसलेली, त्यांच्यावर वर्षानुवर्षांचा पाला आणि माती. पाणी तिथे गुडघा टेकून पुढे सरकत होतं.

सहाव्या घरातल्या आजी जाग्याच होत्या. मेक्सिकोतल्या सोनोराकडून आलेलं त्यांचं घराणं, मला त्या ‘मिहा’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘बाळ’. त्यांच्या फ्रिजवर पाळ्यांचा कागद असतो, पेन्सिलीनं खाडाखोड केलेला. त्यांनी सांगितलं की पूर्वी सगळे मिळून हंगामाच्या आधी पाट काढायचे, मग घरं विकली गेली, भाडेकरू आले आणि ती रीत मोडली. त्यांनी पाणी येणाऱ्या बाजूला बोट दाखवून आणखी एक वाक्य म्हटलं. ते स्पॅनिशमध्ये होतं आणि त्याचं भाषांतर मी करणार नाही.

मग काम झालं ते असं. चौथ्या घराचा मालक दुसऱ्या राज्यात राहतो. कुठलं घर कुणाच्या नावावर आहे ते काउंटीच्या मूल्यांकन खात्याच्या साइटवर कुणालाही बघता येतं, टपालाचा पत्ताही असतो. मी तक्रार लिहिली नाही. दोन फोटो लावले, “दरवाजा आम्ही आमच्या खर्चानं बदलतो, तुमची फक्त परवानगी द्या” एवढंच लिहिलं. आठ दिवसांत दोन ओळींचं उत्तर आलं, हो म्हणून. त्यांच्याकडून पैसे मागितले असते तर मला वाटतं मी अजून वाटच बघत असते. वस्तीच्या मासिक बैठकीत हा विषय तिसऱ्या क्रमांकावर लागला, भरधाव गाड्या आणि मोकाट कुत्र्यांच्या नंतर. सातव्या घरवाल्यांनी विचारलं, “मी पाणीच घेत नाही, मी का साफ करू?” प्रश्न चुकीचा नव्हता. आजींनी त्यांना एवढंच सांगितलं की पाट तुंबून फुटला तर पाणी त्यांच्या गॅरेजात जाईल, आणि एकदा गेलेलंही आहे. ते फावडं घेऊन आले.

घरटी २० डॉलर काढले, नवा दरवाजा आणि रबरी पट्टी आणली. कालवा कोरडा असताना जानेवारीतल्या एका शनिवारी पाट उपसला. खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांवर खुणा करून घेतल्या. फोन फुकट आहे, गॅसची लाइन तोडणं फुकट नाही. कण्हेर हाताळताना हातमोजे घाला आणि छाटलेल्या फांद्या जाळू नका, धूरही विषारी असतो.

पुढच्या पाळीला पाणी माझ्या दरवाजापर्यंत चार मिनिटांत आलं. लिंबाशी काठीवर साडेतीन इंच.

साठलेलं मीठ कसं धुवायचं

पाणी पुरेसं येऊ लागलं म्हणजे जुने क्षार आपोआप जातील असं नाही. ठोकताळा असा की एक फूट खोलीच्या मातीतून सहा इंच पाणी झिरपलं तर निम्मे क्षार खाली जातात, बारा इंचांत साधारण ८० टक्के. हे फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरात करा, भर जूनमध्ये नको. लिंबाच्या फांद्यांच्या घेराएवढं आळं केलं, कडेनं वीतभर बांध घातला, आणि खोडाभोवती मातीचा उंचवटा ठेवला. खोड पाण्यात राहिलं की डिंक्या रोग होतो, मग मीठ परवडलं. चार चार इंचांच्या तीन भरण्या केल्या. दोन भरण्यांच्या मधे वाफसा येऊ दिला. हा शब्द मला इथे कुणाला समजावून सांगता आला नाही. मूठभर माती दाबली तर लाडू व्हावा, आणि बोटानं टोचला तर फुटावा.

जिप्समच्या पोत्यांच्या मागे लगेच लागू नका. सोडियमनं चोपण झालेल्या, पाणी न पिणाऱ्या जमिनीला जिप्समचा उपयोग असतो. नुसत्या क्षारांना पाणी आणि निचरा हेच औषध. शिरोळकडे शेतकरी जमिनीत सच्छिद्र पाइप गाडून क्षारपड रानं परत आणताहेत, तेही निचऱ्यासाठीच. धुण्याआधी म्हणूनच एक खड्डा करून बघा: फूटभर खोल खणा, पाण्यानं भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा तासाला इंचभरही उतरत नसेल तर खाली ‘कलीची’ आहे, चुनखडीचा सिमेंटसारखा थर. तिथे कितीही पाणी घाला, मीठ जागच्या जागी राहील आणि मुळं कुजतील. थर पातळ असेल तर पहारीनं भोक पाडा. जाड असेल तर उंच वाफा करा आणि झाडाची जागा बदला.

कोंबडखत आणि गुरांचं खत उन्हाळ्यात बंद, त्यातही क्षार असतात. चांगलं कुजलेलं कंपोस्ट चालेल. आच्छादन हवंच, कारण उघडी माती तापली की खालचं खारं पाणी वर ओढते. पण पाटपाण्याच्या अंगणात हलके लाकडी तुकडे टाकाल तर पहिल्याच पाळीला ते तरंगत कोपऱ्यात जाऊन बसतील. माझे बसले. आता मी आळ्यात जाडंभरडं कंपोस्ट पसरते.

पाटाचं पाणी शुद्ध केलेलं नसतं. कोथिंबीर, पालक, कच्चं खायचं काहीही त्या पाण्यात भिजू देऊ नका, त्यांचे वाफे उंच ठेवून नळाच्या पाण्यावर घ्या. आणि तीन दिवसांनंतरही कुठे डबकं राहत असेल तर ते बुजवा. २०२१ मध्ये आमच्या मॅरिकोपा काउंटीत (जिल्ह्यात) डासांमुळे वेस्ट नाईल तापाची फार मोठी साथ आली होती, तेव्हापासून आमच्याकडे ही गोष्ट कुणी चेष्टेवारी नेत नाही.

चँडलर-गिल्बर्ट या उपनगरांकडच्या नव्या घरांत पाट नाही, ठिबक आहे, पण पानं तशीच करपतात. ठिबकाखाली ओलीचा कांदा तयार होतो आणि मीठ त्याच्या कडेला जमतं. अशात हलकी सर आली तर ते कडेचं मीठ धुऊन सरळ मुळांत येतं. म्हणून ऐकायला वेडगळ वाटलं तरी, शिंतोडे पडत असताना ठिबक चालू करा. रोजच्या वीस मिनिटांऐवजी दोन-चार दिवसांनी दोन-तीन तास चालवा आणि सळईनं खोली बघा. नवं झाड लावताना शेवगा, भेंडी, चवळी घ्या, घेवड्याचा हट्ट सोडा. इथल्या ओओडाम लोकांचं टेपारी नावाचं कडधान्य आहे, अतिशय कमी पाण्यावर येतं, आणि मटकीसारखी त्याची उसळ होते. शिजायला मात्र वेळ घेतं, रात्रभर भिजवा.

२०२५ च्या जूनमध्ये लिंबाखालच्या मातीचा आकडा ४२० आला. करपलेली जुनी पानं हिरवी होत नाहीत, ती गळतातच, त्यामुळे महिन्याभरात फरक दिसला नाही म्हणून घाबरू नका. नवीन फुटीकडे बघा. ती ऑगस्टपर्यंत कडांनी स्वच्छ राहिली तर काम झालं. पाणी सळईभर खोल जातंय आणि तरीही ऑक्टोबरात नवी पानं करपताहेत असं झालं, तर खड्डा पुन्हा खणा, आणि या वेळी तीन फूट.